मनोहरराव आणि डावं चाक

"तुमच्या हाताला सगळं कळतं ना? मग त्या दिवशी तो हात खिशात कशाला घातला होता?"

शैलजाचं हे बोलणं मी त्यांच्या गॅरेजच्या बाजूच्या दारात उभी राहून ऐकलं. हातात अळूवड्यांची ताटली होती. कान लावून मी काही उभी नव्हते. पण दार उघडं, वड्या गरम, आणि दुसऱ्याचं भांडण चालू असताना आत शिरणारी मी नव्हे. परत फिरणारी तर त्याहून नव्हे.

आतून मनोहररावांचा आवाज आला, "पाऊस होता गं."

"पाऊस होता म्हणून तुम्ही खाली उतरला नाहीत. आणि तुम्ही उतरला नाहीत म्हणून आठ वर्षांची नात चार तास हायवेच्या कडेला गवतात बसली. मी त्या खटाऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही."

जरा वेळानं मनोहरराव बाहेर आले. मला बघून त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. ताटली घेतली आणि म्हणाले, "अक्का, आत्ता आत नका जाऊ. तवा तापलाय."

त्याला आता नऊ वर्षं झाली. मनोहरराव म्हणजे इकडं परदेशात, नोव्हाय गावातले आमचे शेजारी. मी लेकाकडे, संग्रामकडे, राहायला आले तेव्हापासून आमचं गवत जिथं संपतं तिथं त्यांचं सुरू होतं. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण टक्कल पडलेल्या माणसाला नुसतं नावानं कशी हाक मारायची, म्हणून मनोहरराव. शैलजा त्यांची बायको. बारीक, नीटनेटकी, जिभेला धार.

मनोहरराव सांगलीकडचे. इकडं येऊन पन्नास वर्षं होत आली. मोटारींना बेअरिंगं पुरवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. काम काय, तर नवं बेअरिंग यंत्रावर चढवायचं आणि ते मोडेपर्यंत फिरवायचं. मोडलं की का मोडलं ते शोधायचं. मी चौथी शिकलेली, मला बेअरिंग म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी एक हातात दिलं. लोखंडी कड्यामध्ये छोटी छोटी लाटणी गोल उभी करून बसवावीत, तसं. म्हणाले, चाक फिरतं ते यांच्या जिवावर. ही लाटणी कोरडी पडली की चाक रुसतं.

"एकदम नाही मरत ते," असंही सांगायचे. "आधी कोमट होतं, मग गरम होतं, मग गातं, मग धूर. माणसानं कोमट असतानाच ओळखायचं."

आणि नेमकं त्यांच्याच गाडीचं ओळखायचं राहिलं. म्हणून ते भांडण.

गाडी म्हणजे मोटारीच्या मागं जोडून ओढायचा ट्रेलर. सतरा फुटी, एकोणीसशे शहाण्णवचा, एक आस आणि दोन चाकं. आत पलंग, शेगडी, बेसिन, आणि कपाटाएवढा संडास. एका निवृत्त मास्तरांकडून घेतलेला. शैलजा त्याला कधी ट्रेलर म्हणाली नाही, खटाराच म्हणाली. पण पडदे तिनंच शिवलेले होते, तेही चौकड्याला चौकडा जुळवून.

त्या वेळी तळ्यावर निघाले होते, नात आन्या बरोबर होती. मनोहररावांचा नेम असा, की दर थांब्याला खाली उतरायचं आणि प्रत्येक चाकाच्या मधोमधच्या तुंब्याला, जिथं आत बेअरिंग बसतं तिथं, हात लावून बघायचा. आधी उलटा हात, मग तळवा. तापात पोराच्या कपाळाला लावतात तसा. त्या दिवशी धो धो पाऊस, शर्ट नुकताच बदललेला. एक थांबा ते उतरले नाहीत. पुढं चाळीस मैलांवर चाकातून धूर आला. कुणाला काही झालं नाही, पण आन्या भेदरली आणि शैलजाचं मन उठलं.

लेक म्हणाला, बाबा विकून टाका. त्यांनी विकला नाही, आणि शैलजाला चलही म्हणाले नाहीत. नऊ वर्षं सप्टेंबरात एकटेच जायचे आणि चार दिवसांनी एकटेच यायचे. आल्यावर शैलजा विचारायची, "जेवलात का नीट?" चाकांचं विचारायची नाही.

आमच्या वस्तीत दारापुढं ट्रेलर दोन दिवसांच्या वर उभा करता येत नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र येतं. म्हणून एरवी तो गावाबाहेरच्या, गाड्या भाड्यानं ठेवायच्या आवारात असतो आणि एप्रिलात दोन दिवसांसाठी माहेरी येतो. त्या दोन दिवसांत मनोहररावांना सगळं उरकायचं असतं. माझी खुर्ची तेव्हा त्यांच्या ड्राइव्हवेवर. कुणी बोलावत नाही, पण खुर्ची मांडलेली असते.

आधी टायर. तळवा फिरवून बघायचे, आतल्या बाजूनं जास्त झिजलाय का. तसं असेल तर आस वाकलीय म्हणून समजायचं. मग टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचायचे: कितवा आठवडा, कोणतं वर्ष. मी म्हटलं, हे टायर तर नवेकोरे दिसतात. तर म्हणाले, "सहा वर्षांचे झाले, बदलायचे. टायर दिसायला तरुण राहतो, आतून म्हातारा होतो." म्हटलं, आपलं उलटं आहे ते बरं.

मग जॅक लावून चाक उचलायचं, वरून-खालून धरून हलवायचं. खटखटलं तर आत ढिलं. मग चाक काढायचं, बेअरिंग काढायची, धुवायची, भिंगातून बघायची, आणि नवं ग्रीस भरायचं. ते भरणं मला फार आवडतं. तळव्यावर ग्रीसचा गोळा, आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, पलीकडून ग्रीस डोकावेपर्यंत. भरल्या वांग्यात मसाला दाबतात, तसंच. शेवटी नट घट्ट आवळायचा आणि लगेच थोडा सोडायचा, मग आडवी पिन घालून वाकवायची. आवळलेलाच ठेवला तर चाक तापतं. मी म्हटलं, हे जरा माझ्या लेकाला सांगा, पोरांच्या बाबतीत.

आता यंदाचं.

आन्याला उन्हाळ्यात नोकरी लागली, पार वरच्या टोकाला, सुपीरियर तळ्याकाठच्या पार्कमध्ये. शैलजाला नातीकडं जायचं होतं. पण आदल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तिकडच्या मोटेलांमधले कमोड इतके बुटके की बसलं तर उठवायला माणूस लागावा. ट्रेलरातला कमोड मनोहररावांनी पूर्वीच चार बोटं उंच करून ठेवला होता. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी चहा पिता पिता शैलजा म्हणाली, "मी येते. पण एक अट. जाता-येता एकदा जरी चाक तापलं, तर आल्यावर खटारा विकायचा. आणि अक्कांना बरोबर घ्यायचं, साक्षीला."

मनोहररावांनी बशी खाली ठेवली आणि बरं म्हणाले. तेवढंच. पण त्या दिवसापासून माणूस बदलला. पंच्याहत्तर वर्षांचा गडी परीक्षेला बसल्यासारखा वागायला लागला. मला त्यांचं वाटणं कळत होतं. ट्रेलर गेला असता तर गेला असता, त्याचं एवढं नाही. पण एकतीस वर्षं ज्यानं बेअरिंगं तपासली त्याच्या हातावर बायकोचा विश्वास नाही, हे नऊ वर्षं त्यांना सलत होतं.

आणि इथं घोटाळा झाला. त्यात मीही होते, म्हणून सांगते.

आपल्या कुठल्याही घरी जा, दह्याचा प्लास्टिकचा मोठा डबा कुणी टाकत नाही. दही संपलं की त्यात इडलीचं पीठ, मग फ्रीजरमध्ये खोवलेलं खोबरं, मग शिवणाचं सामान. झाकणावर दही लिहिलेलं असतं, आत काय आहे ते देव आणि घरची बाई जाणे. शैलजाच्या स्वयंपाकघरातून असे डबे गॅरेजात जायचे. मनोहररावही त्याच घरचे. ग्रीसचा मोठा टिनचा डबा गंजला की ते ग्रीस दह्याच्या डब्यात काढून ठेवायचे.

पाडव्याच्या आधी शैलजानं गॅरेज आवरायला घेतलं. गुडघ्यामुळं तिला खाली वाकवत नव्हतं, म्हणून मी हाताशी होते. फळीवर दह्याचे दोन डबे निघाले. एकात अर्धं निळसर ग्रीस, दुसऱ्यात अर्धं लाल. शैलजा म्हणाली, दोन अर्धे कशाला, एक डबा मोकळा करू. मी डबा धरला, तिनं उलथन्यानं लाल काढून निळ्यावर घातलं आणि वरून छान सारखं केलं. मोकळा डबा धुऊन तिनं आत नेला. आम्हां दोघींना वाटलं, चांगलं काम झालं.

एप्रिलात मनोहररावांनी तोच डबा घेतला. वरून लालभडक दिसत होतं, आणि ट्रेलरच्या चाकांसाठी लालच त्यांना हवं होतं. उजवं चाक आधी भरलं, त्यात लाल संपत आलं. डाव्या चाकाच्या वेळी माझ्याशी गप्पा चालू होत्या, हात सवयीनं डब्यात जात होता, नजर दुसरीकडं. संध्याकाळचं ऊन उतरलेलं. हात कोपरापर्यंत माखलेले असले की कुठलं ग्रीस कुठल्या रंगाचं, ते कळत नाही. मलाही तेव्हा काही सुचलं नाही. माझ्या लेखी ग्रीस म्हणजे ग्रीस. शेंगदाण्याच्या तेलात करडीचं घातलं तर काय बिघडतं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. शैलजा पुढं, मी मागं, आणि माझ्या मांडीवर दशम्या-चटणीचा डबा. निघण्याआधी टायर गार असताना मनोहररावांनी हवा मोजली, मग पुन्हा मोजली. शैलजा खिडकीतून बघत होती.

पहिल्या थांब्याला ते उतरले. उजव्या चाकाला हात लावला, डाव्याला लावला. डाव्याला जरा जास्त वेळ लावला. शैलजानं विचारलं तर म्हणाले, उन्हाची बाजू आहे. ते खरंही होतं.

ग्रेलिंग गावाच्या अलीकडं, हायवेकाठच्या रेस्ट एरियात दुसऱ्यांदा थांबलो. मीही पाय मोकळे करायला उतरले. मनोहररावांनी डाव्या चाकाला उलटा हात लावला आणि चटकन काढला. मग उजव्याला लावला. परत डाव्याकडं आले. त्यांचा चेहरा मी बघितला, आणि बघितला नसता तर बरं झालं असतं. लपवता आलं असतं त्यांना. शैलजा अजून गाडीत होती, पाय खाली काढत होती. अर्धा तास थांबून, गार करून, पुढं दामटता आलं असतं. पन्नास मैल, शंभर मैल, काय सांगावं.

ते तिच्या दारापाशी गेले, तिला हात देऊन उतरवलं आणि म्हणाले, "शैलजा, डावं तापलंय."

ती चालत चाकापर्यंत गेली, वाकता येत नव्हतं तरी कमरेतून झुकली आणि स्वतःचा हात लावून बघितला. मग दोन पावलं मागं सरली. म्हणाली, "करा काय करायचं ते."

त्यांनी उजव्या चाकाला दोन्हीकडून लाकडाचे ठोकळे लावले, डावं जॅकवर उचललं. आम्हांला सावलीत घडीच्या खुर्च्या मांडून दिल्या. चाक निघालं, टोपण निघालं, आणि आतून ग्रीस आलं ते पातळ पिठल्यासारखं ओघळत. रंग ना लाल ना निळा, वांग्याच्या सालीसारखा. मनोहररावांनी ते बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. मग म्हणाले, जास्त करून स्वतःशीच, "दोन जातींचं एक झालंय, म्हणून पातळ झालं. हे मोटारीचं निळं इथं आलं कुठून?"

मी शैलजाकडं बघितलं. शैलजा माझ्याकडं बघत होती.

तेवढ्यात पलीकडच्या मोठ्या गाडीतला एक दाढीवाला गोरा आजोबा आला. सगळं ठीक ना, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कागदी रुमालांचं अख्खं बंडल ठेवून गेला. बरं झालं. तेवढा वेळ आम्हां दोघींना लागतच होता.

मनोहरराव बेअरिंग धूत होते. केरोसिनही दह्याच्या डब्यातच. हात चालू होते, पण खांदे पडलेले. म्हणाले, "चूक माझीच. दोन वेगवेगळी ग्रीसं सारख्या डब्यांत ठेवली आणि वर नाव लिहिलं नाही. कारखान्यात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता." डबे कुणी एक केले, हे त्यांनी विचारलं नाही. घरात फळ्या कोण आवरतं हे पन्नास वर्षांत माणसाला कळतं. विचारलं नाही म्हणजे विचारायचं नव्हतं.

शैलजानं खुर्चीचा हात घट्ट धरला. माझ्या मनात आलं, ही आता गप्प बसली तर ट्रेलर गेला, आणि बसली तरी हिला कुणी काही म्हणणार नाही.

"डबे मी एक केले," ती म्हणाली. "पाडव्याआधी. अक्कांनी डबा धरला होता."

मी म्हटलं, साक्षीला आणलं होतं मला, आरोपी म्हणून नव्हे. कुणी हसलं नाही. मग मनोहररावच फिसकन हसले, आणि हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले, ते घामासाठी असेल.

धुतलेलं बेअरिंग त्यांनी उन्हात धरलं. एकेक लाटणं भिंगातून बघितलं. जास्त तापलेल्या लोखंडावर निळी झाक येते, त्यांनीच कधी सांगितलं होतं. म्हणाले, "डाग नाही. मागचं ग्रीस अडवणारं रबरी सील भिजलंय, पण ग्रीस ब्रेकपर्यंत पोचलं नव्हतं. वेळेत सापडलं." ते 'वेळेत' ऐकलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. शैलजानं तर चटणीचा डबा उघडला, तो कशाला तिलाही माहीत नव्हतं.

त्यांच्या पेटीत नवं सील होतं आणि ग्रीसची सीलबंद नळीही होती. त्या पावसाच्या दिवसापासून हे सगळं नेहमी बरोबर असतं. एवढी वर्षं ते घेऊन एकटे फिरले, आणि गरज पडली ती नेमकी त्या दिवशी. तळव्यावर भरण केलं, नट आवळला, सोडला, पिन वाकवली. दीड तास गेला. मग हात पुसत ते शैलजापुढं उभे राहिले.

"अट अट आहे," म्हणाले. "आल्यावर जाहिरात देतो."

शैलजानं दशमी त्यांच्यापुढं केली. हात काळे होते म्हणून तिनंच तुकडा मोडून त्यांच्या तोंडात दिला, भर रस्त्यावर, ट्रकवाल्यांच्या देखत.

"चाक तापण्यावर माझा राग नव्हताच," ती म्हणाली. "लोखंड आहे, तापेल. त्या दिवशी तुम्ही उतरला नाहीत, त्यावर होता. आज उतरलात, आणि तापलं तसं येऊन मला सांगितलंत. कसली जाहिरात देताय? खा."

ते चावत राहिले. घास मोठा होता म्हणा, किंवा दुसरं काही.

तिथून वीस मैलांवर पुन्हा थांबलो. या वेळी शैलजा आधी उतरली, काठी टेकत डाव्या बाजूला गेली. "गार आहे," ती म्हणाली. मनोहरराव म्हणाले, "पूर्ण गार नसतं, थोडं कोमट हवं." ती म्हणाली, "मग कोमट. भांडू नका." मीही हात लावून बघितला. निरोगी पोराच्या अंगाइतकं होतं.

मॅकिनॉचा पूल लागला तेव्हा दोन्हीकडं पाणीच पाणी. शैलजा खिडकीला नाक लावून बसली होती. चाकांकडं तिचं लक्षही नव्हतं. त्याच्यासारखं समाधान मनोहररावांना आणखी कुठलं?

आन्या पार्कच्या फाटकाशी हिरव्या टोपीत उभी होती. आजीला ट्रेलर जोडलेल्या मोटारीतून उतरताना बघून म्हणाली, "वेट, आजी, यू केम इन दॅट?" शैलजा म्हणाली, "हो. चहा करते, आत ये, चपला बाहेर काढ." पाच दिवस राहिलो. ट्रेलरात मी पोहे केले, पिठलं केलं, आन्याच्या चार मैत्रिणी जेवून गेल्या. रात्री पाण्याचा आवाज यायचा आणि मनोहररावांचं घोरणं. शैलजा म्हणायची, नऊ वर्षं हे घोरणं सप्टेंबरात चार दिवस मिळायचं नाही, तेवढीच सुट्टी होती माझी.

येताना काही तापलं नाही. घरी आल्यावर शैलजानं गॅरेजातल्या प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवली आणि मोठ्या अक्षरात नावं लिहिली. मला वाचता यावं म्हणून मराठीत. मनोहररावांना तिचं अक्षर लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

ऑक्टोबराच्या शेवटच्या रविवारी वर्षातलं शेवटचं काम, आदल्या दिवशी धुवायला घरी आणलेला ट्रेलर हिवाळ्यासाठी आवारात नेऊन ठेवायचं. मीही गेले, मला तेवढीच हवा. मनोहररावांनी नळांतलं पाणी सोडून दिलं, थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून पाइपांत गुलाबी औषध ओतलं. मागं घेत घेत ट्रेलर दोन बोटींच्या मधोमध बसवला, पहिल्या खेपेला जमलं नाही, दुसऱ्या खेपेला जमलं. चाकांना ठोकळे लावले, टायरांवर उन्हाची झाकणं चढवली, गॅस बंद केला, बॅटरी काढून मोटारीत ठेवली, दार ओढलं, कुलूप लावलं आणि एकदा हिसका देऊन बघितलं. फाटकाच्या माणसाला पुढच्या एप्रिलात येतो म्हणाले. मग इंडियन स्टोअरवर थांबून कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि शैलजासाठी दही घेतलं, आणि जेवायच्या आत आम्ही घरी आलो.